आजोबांपासून कसत आलेली वनजमीन नावावर कशी होते? वैयक्तिक वनहक्क दाव्याची माहिती

जमीन आजोबांची आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं, फक्त सातबाऱ्याला माहीत नसतं. पंचांनी उभं राहून हद्द दाखवली, थोरल्याला वरचं खाचर, धाकट्याला ओढ्याकाठचं, आणि वाटणी झाली. कागद झालाच नाही. अशी जमीन दप्तरी 'वन' म्हणून लागलेली असेल, तर 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा करता येतो. म्हणून आधी तलाठ्याकडे नोंद बघून घ्या. जमीन खासगी असेल तर वाटप आणि फेरफार ही वाट निराळी, तिथे हा दावा चालत नाही.

पात्रता अशी. अनुसूचित जमातीचं कुटुंब असेल तर 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन प्रत्यक्ष ताब्यात हवी आणि पोटापाण्यासाठी तिच्यावर अवलंबून असायला हवं. इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे अनुसूचित जमातीत नसलेल्या पण जंगलात राहून त्यावर जगणाऱ्यांना, त्याच तारखेआधी तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं, वास्तव्य दाखवावं लागतं. खरी अडचण इथेच येते. जेवढी कसता तेवढीच मिळते आणि कमाल मर्यादा 4 हेक्टर, म्हणजे जवळपास दहा एकर.

दावा विहित नमुन्यात ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा. सोबत रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र जोडा, अनुसूचित जमातीचे असाल तर जमातीचा दाखलाही. दावा मिळाल्याची पोच तिथल्या तिथे मागून घ्या. पोच नसली की पुढे 'तुमचा दावाच आला नव्हता' हे ऐकावं लागतं.

आता पुरावे. नियमांप्रमाणे एकापेक्षा जास्त प्रकारचे पुरावे लागतात, पण अमुकच कागद आणा असा हट्ट वरच्या समित्यांना धरता येत नाही. घरपट्टीची पावती, जुने सरकारी वा संस्थानी दप्तर, न्यायालयाचे आदेश चालतात. कागद नसला तरी घर, बांध, विहीर, सपाटीकरण, दफनभूमी, देवस्थान, वंशावळ हेही पुरावेच. आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको. या जबाबाकडे लोक दुर्लक्ष करतात. 'हे कुटुंब पूर्वापार जमीन कसते' या एका ओळीत काही जीव नसतो. 'वरच्या बांधाचे दगड याच्या आजीबरोबर मी वाहिले, तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं' असं गावातली एखादी म्हातारी सांगत असेल तर तिच्याच शब्दांत लिहा आणि अंगठा घ्या.

मग समिती जागेवर येते. वनखात्यालाही कळवलेलं असतं. त्या दिवशी शेजारच्या हद्दीचे शेतकरी हजर ठेवा आणि मोजणीवाल्याबरोबर स्वतः बांधाबांधाने फिरा. पडीक ठेवलेला तुकडा नकाशातून सुटतो तो इथेच. उपग्रहाचं चित्र जोडीला चालतं, पण ते बाकीच्या पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही.

पुढे ग्रामसभेचा ठराव. निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. गणपूर्तीविना केलेला ठराव पुढे टिकत नाही, म्हणून हजेरीची सही बघाच. ठरावानंतर दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो.

फेटाळला तर कारण लेखी मिळायला हवं. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे, तिचा निर्णय मान्य नसेल तर पुन्हा 60 दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. मधली पायरी गाळून थेट जिल्ह्याला जाता येत नाही. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय अर्ज विरोधात निकाली काढता येत नाही. पडताळणी पूर्ण होईपर्यंत ताब्यातल्या जमिनीवरून हटवताही येत नाही.

विवाहित असाल तर हक्कपत्र पती-पत्नी दोघांच्या नावाने निघतं. जमीन वारसाने मुलांकडे जाते, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. हक्कपत्र हातात पडलं की क्षेत्र, गट क्रमांक आणि चतुःसीमा नकाशाशी ताडून पाहा, आणि पत्नीचं नाव आलंय का तेही.