अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी तिसऱ्या पक्षाची उमेदवारी: अर्ज एक नाही, एक्कावन्न आहेत

अपक्ष किंवा छोट्या पक्षाच्या उमेदवाराला अमेरिकेचं अध्यक्षपद लढवायचं असेल, तर देशपातळीवर भरायचा असा उमेदवारी अर्जच नाही. अडचण इथूनच सुरू होते. फेडरल इलेक्शन कमिशनचा (निवडणूक निधीवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) फॉर्म २ भरला, पोच मिळाली, की उमेदवारी झाली असं अनेकांना वाटतं. तो फॉर्म फक्त निधीच्या हिशोबासाठी असतो. ५,००० डॉलरपेक्षा जास्त जमा किंवा खर्च झाला की १५ दिवसांत तो भरायचा. मतपत्रिकेवर नाव यायचं तर ५० राज्यं आणि वॉशिंग्टन डी. सी. अशा ५१ ठिकाणी वेगळा अर्ज, वेगळा नमुना आणि वेगळी मुदत.

हे सगळं निर्वाचक मंडळामुळे. मतदार उमेदवाराच्या नावापुढे खूण करतो, पण निवडून जाते ती त्या राज्यातल्या निर्वाचकांची, म्हणजे अध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणाऱ्या प्रतिनिधींची यादी. एकूण निर्वाचक ५३८, जिंकायला २७० लागतात.

घटनेतली पात्रता सोपी आहे: जन्माने नागरिक, वय ३५ पूर्ण, देशात १४ वर्षं वास्तव्य. यावरून अर्ज सहसा अडत नाहीत. अडतात ते पुढच्या कागदांवरून.

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे निर्वाचकांची यादी. राज्याच्या वाट्याला जितके निर्वाचक, तितकी माणसं उमेदवारानेच शोधायची. २०२४ मध्ये टेक्सासला ४० आणि कॅलिफोर्नियाला ५४ होते. सिनेटर, प्रतिनिधिगृहाचा सदस्य किंवा केंद्र सरकारचं पद असलेली व्यक्ती यात चालत नाही. १८७६ साली ओरेगॉनमधला एक निर्वाचक पोस्टमास्तर निघाला आणि तो वाद पार वॉशिंग्टनमधल्या खास निवडणूक आयोगापर्यंत गेला. काही राज्यांना प्रत्येक निर्वाचकाचं नोटरीसमोर केलेलं शपथपत्रही लागतं. २०२० मध्ये व्हर्जिनियात रॅपर कान्ये वेस्ट यांच्या १३ पैकी ११ निर्वाचकांची शपथपत्रं न्यायालयाने बाद केली आणि नाव मतपत्रिकेवरून गेलं. म्हणून कशावर सही करतोय हे प्रत्येक निर्वाचकाला आधी नीट समजावून सांगा. घाईत घेतलेली सही कोर्टात टिकत नाही.

दुसरा काटा उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचा. ‘ते नाव नंतर ठरवू’ हे बऱ्याच राज्यांत चालत नाही. सह्यांच्या कागदावर ते पहिल्या दिवसापासून छापलेलं असावं लागतं. २०२४ मध्ये नेवाडात अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांच्या सह्या याच कारणाने अडचणीत आल्या. शिवाय बाराव्या घटनादुरुस्तीनुसार निर्वाचकाला अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशी दोन्ही मतं स्वतःच्याच राज्यातल्या रहिवाशांना देता येत नाहीत. दोघेही उमेदवार कॅलिफोर्नियाचे असतील तर तिथल्या ५४ निर्वाचकांची अडचण होते, म्हणून दोघांचं राज्य वेगळं दाखवण्याकडे कल असतो. पण पत्ता खरा हवा. केनेडींनी न्यूयॉर्कमधला दिलेला पत्ता त्यांच्या राहत्या घराचा नाही असं न्यायाधीशांनी ठरवलं आणि तिथला अर्ज बाद झाला.

आता सह्या. टेनेसीत एका निर्वाचकामागे २५, म्हणजे ११ निर्वाचकांसाठी २७५ सह्या पुरतात. टेक्सासमध्ये २०२४ साली अपक्षाला १,१३,१५१ सह्या लागत होत्या आणि मुदत १३ मे होती. त्यातही ५ मार्चच्या प्रायमरीत (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) मत दिलेल्या मतदाराची सही धरली जात नव्हती. म्हणजे राजकारणात ज्याला रस आहे तोच बाद! असा नियम लोकांना लढू देण्यासाठी केलेला नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. न्यूयॉर्कने २०२० मध्ये १५,००० चा आकडा ४५,००० वर नेला, आणि त्या सह्या सहा आठवड्यांतच जमवायच्या. २०२४ च्या तिथल्या मतपत्रिकेवर दोनच नावं छापली गेली. छाननीत जुना पत्ता, चुकलेली काउंटी (जिल्हा), राहिलेली तारीख, दुबार सही असं सगळं कापलं जातं. गरजेच्या दीडपट सह्या जमवा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना: ओळखीपोटी सही करू नका. बहुतेक ठिकाणी सही नोंदणीकृत मतदाराचीच चालते, आणि ग्रीन कार्डवर असताना मतदार म्हणून नाव नोंदवलं तर कार्डच धोक्यात येतं.

मुदत म्हणजे मिनिट नव्हे, सेकंद. २०२० मध्ये विस्कॉन्सिनची वेळ संध्याकाळी पाचपर्यंत होती. वेस्ट यांचे कागद पाच वाजून काही सेकंदांनी पोचले आणि नाकारले गेले. त्याच वर्षी तिथेच ग्रीन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराने सह्या सुरू असताना घर बदललं. काही कागदांवर एक पत्ता, काहींवर दुसरा, आणि नाव छापलं गेलं नाही. नेवाडात २०२४ मध्ये तर सरकारी कार्यालयानेच ग्रीन पक्षाला चुकीचा नमुना पाठवला होता, तरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पक्षालाच मतपत्रिकेबाहेर ठेवलं. कार्यालयाने दिलेला नमुनासुद्धा कायद्याच्या कलमाशी स्वतः ताडून पाहा.

५१ ठिकाणी नाव आलं तरी हिशोब कठीणच असतो. ४८ राज्यं आणि डी. सी. मध्ये पहिला येणारा सगळे निर्वाचक नेतो. १९९२ मध्ये अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना देशभरात जवळपास १९ टक्के मतं पडली, निर्वाचक शून्य. मेन राज्यात मतदारसंघनिहाय वाटप असूनही, आणि तिथे ३० टक्के मतं घेऊन ते दुसरे येऊनही, काही हाती लागलं नाही. उलट १९६८ मध्ये तिसऱ्या पक्षाच्या जॉर्ज वॉलेस यांनी साडेतेरा टक्क्यांवर ४६ निर्वाचक मिळवले, कारण त्यांची मतं दक्षिणेत एकवटली होती. त्यामुळे निधी थोडा असेल तर आधी जिथे पहिलं येता येईल ती राज्यं धरा. पण २७० निर्वाचकांइतक्या राज्यांत नावच नसेल, तर वादचर्चेतही घेत नाहीत. २०२४ च्या जूनमधल्या सीएनएनच्या चर्चेला ही अट होती, शिवाय चार राष्ट्रीय जनमत पाहण्यांत १५ टक्के पाठिंबा.

कोणालाच २७० मिळाले नाहीत तर पहिल्या तिघांतून प्रतिनिधिगृह निवड करतं, दर राज्याला एक मत. तिथे दोन मोठ्या पक्षांचेच प्रतिनिधी बसलेले असतात.

नाव छापलं गेलं नाही तर हाताने लिहिलेलं मत हा पर्याय उरतो. पण बहुतेक राज्यांत त्यासाठीही निर्वाचकांची यादी आधी द्यावी लागते, आणि हवाई, ओक्लाहोमा, नेवाडा ही मतं मोजतच नाहीत.

माघारीची तारीखही अर्जाच्या दिवशीच लिहून ठेवा. केनेडींनी ऑगस्ट २०२४ मध्ये प्रचार थांबवला, पण मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या मतपत्रिकांवर त्यांचं नाव राहिलं. विस्कॉन्सिनच्या कायद्यात एकदा दाखल झालेलं नाव फक्त उमेदवाराच्या मृत्यूनंतरच काढता येतं.