संशोधन शिकायचं कुठं? विदर्भातल्या एका प्रमाणपत्रामागची शंभर वर्षं

‘पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संशोधन कौशल्य प्रमाणपत्र अभ्यासक्रम’ अशी सूचना कॉलेजच्या फलकावर लागली, की पोरं पहिला प्रश्न विचारतात तो रास्तच असतो : सर, रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर आहेच की आपल्याला, मग हे वेगळं कशाला? त्याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर बरंच मागं जावं लागतं. निदान १९२३पर्यंत.

त्या वर्षी ४ ऑगस्टला नागपूर विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा त्याला जोडलेली महाविद्यालयं सहा होती आणि विद्यार्थी ९२७. त्याआधी हिस्लॉप आणि मॉरिस कॉलेजातले विद्यार्थी कलकत्ता आणि पुढं अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षा देत. त्यामुळं विद्यापीठ दारात आलं ते मुख्यतः परीक्षा घेणारं आणि पदवी देणारं म्हणून. वऱ्हाडातल्या मुलाला पदवी जवळ झाली. संशोधन तितकं जवळ आलं नाही.

संशोधनाची रीत त्या काळात बोटीनंच यायची. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख शेतकऱ्याच्या घरचे. ते एडिंबरा आणि मग ऑक्सफर्डला गेले, वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास या विषयावर डॉक्टरेट घेऊन परतले. १९३२ साली त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि बहुजनांची पोरं शाळा-कॉलेजात आणली. हे काम इतकं मोठं होतं, की त्यातून शिकलेल्यांना प्रश्न कसा विचारायचा, पुरावा कसा गोळा करायचा हे कोण शिकवणार, हा मुद्दा मागं पडला तर त्याचा दोष कुणाला द्यावा? पोट भरल्याशिवाय पंगतीत चव कोण बघतो.

पण रीत इथं नव्हतीच, असं कुणी म्हणू नये. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, जमवल्या, त्या ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं अशा माणसांकडे जाऊन, विचारून, आणि मग पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्यासमोर पडताळून. मूळ प्रत पुढं धाडीत गेली. शिष्यांनी आठवून पुन्हा लिहिलं, आणि ज्याच्या आठवणीत फरक पडला त्याचा पाठ खोडून टाकला नाही, वेगळा नोंदवून ठेवला. त्या पाठभेदांना ‘वासना’ म्हणतात. आजच्या भाषेत याला मुलाखत, पडताळणी आणि स्रोताची नोंद असं म्हणायचं. पदव्युत्तर वर्गात हे उदाहरण क्वचितच दिलं जातं. आमच्या पाठ्यपुस्तकांतली ‘क्षेत्रीय अभ्यासा’ची उदाहरणं बहुधा शिकागोची असतात.

महानुभावांचं हे सगळं धन शतकानुशतकं सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत, मठांच्या पेट्यांत बंद राहिलं. विसाव्या शतकात ते उघडायला पुढं आलेल्यांत विदर्भातली माणसं बरीच होती. यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि त्यांची शारदाश्रम ही संशोधन संस्था, नागपूरचे ह. ना. नेने, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते. कोलत्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ साली आलं, पण त्यामागं कित्येक वर्षांचं पोथ्या जुळवणं होतं. दुसऱ्या बाजूला वा. वि. मिराशी ताम्रपट वाचत होते. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा इंग्रजी खंड १९६३चा. ही मंडळी थोर होती यात शंकाच नाही. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्यायची : त्यांची विद्या जवळ बसून शिकायची विद्या होती. पोथी हातात घ्यायची, गुरुजी चूक दाखवणार, पुन्हा वाचायची. ज्याला नागपुरात किंवा अमरावतीत राहून असं जवळ बसता आलं, तो शिकला. गडचिरोलीतल्या सिरोंच्याचा किंवा मेळघाटातल्या धारणीचा पोरगा कधी बसणार?

अंतर हा इथल्या उच्चशिक्षणाचा खरा विषय आहे. अमरावती विद्यापीठ वेगळं झालं १९८३ साली, महाराष्ट्रदिनी. चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ व्हायला २०११ उजाडलं. सिरोंच्यापासून गडचिरोली आजही सुमारे २०० किलोमीटर आहे. हे विद्यापीठ होण्याआधी तिथल्या विद्यार्थ्याला गाइडची सही हवी असेल तर नागपूर गाठावं लागे, म्हणजे जायला एक दिवस, मुक्काम, आणि सर भेटलेच तर परतीला दुसरा.

दरम्यान याच मातीवर जगभर वाचलं गेलेलं संशोधन झालं. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एखादा तरी आजार होता. १९८९च्या जानेवारीत ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दहा वर्षांनी त्याच नियतकालिकात नवजात बाळांच्या घरोघरच्या काळजीचा अभ्यास आला. त्यात गावातल्याच बाया बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, नोंदी ठेवायच्या. बंग दांपत्य शिकलं नागपूरच्या मेडिकलमध्ये. पण सार्वजनिक आरोग्यात संशोधन कसं करायचं हे शिकायला त्यांना बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्सला जावं लागलं. पंजाबरावांच्या बोटीनंतर साठ वर्षं उलटली होती, आणि फरक इतकाच की आता विमान होतं.

बाकी विदर्भाकडे संशोधक येत राहिले. शेतकरी आत्महत्यांच्या काळात तर यवतमाळच्या काही गावांत प्रश्नावल्या घेऊन येणाऱ्यांचा रतीब लागला होता. माहिती इथली, अहवाल मुंबई-दिल्लीचा. धुऱ्यावर उभं राहून तेच तेच उत्तर देणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा त्याच वेळी तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्रात एम.ए. करत असायचा, आणि त्याला नमुना निवड म्हणजे काय ते परीक्षेत पाच गुणांपुरतं ठाऊक असायचं.

आता नियमांकडे येऊ, कारण प्रमाणपत्रांचा जन्म खरा तिथं झाला. पूर्वी एम.ए. आणि पीएच.डी.च्या मध्ये एम.फिल. होतं. छोटा प्रबंध, पद्धतीचा पेपर, चुका करायला जागा. २००९च्या यूजीसी नियमांनी पीएच.डी.ला प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क सक्तीचं केलं. प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात देण्याची अट आली आणि त्यातून ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार भरू लागलं. २०१८मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम आले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, त्यापुढं पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई. पुढच्याच वर्षी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन आणि प्रकाशन-नीतीचा दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) पेपर सक्तीचा झाला. आणि नोव्हेंबर २०२२मध्ये नव्या नियमांनी एम.फिल. बंद केलं. मधली पायरी निघाली.

पायरी काढली आणि तिच्यावरचं काम खाली सरकवलं गेलं. राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४पासून पदव्युत्तरच्या पहिल्याच सत्रात संशोधन पद्धतीचा चार श्रेयांकांचा पेपर आला, तिसऱ्या सत्रात चार आणि चौथ्यात सहा श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प. जे काम पूर्वी निवडक लोक एम.फिल.ला करत, ते आता प्रत्येकानं करायचं. कागदावर हे उत्तमच आहे. पण ज्या कॉलेजात पदव्युत्तर विभाग दोन मान्यताप्राप्त शिक्षकांवर आणि तासिका तत्त्वावरच्या तिघांवर चालतो, तिथं चाळीस प्रकल्प कोण वाचणार? मग तालुक्याच्या डीटीपी सेंटरवर गेल्या वर्षीच्या प्रकल्पातलं गावाचं नाव बदलून बायंडिंग होतं. मी स्वतः असे दोन प्रकल्प तपासलेत. एकात शीर्षकात दर्यापूर होतं, निष्कर्षात अचलपूर.

या फटीत प्रमाणपत्र अभ्यासक्रम आले. सगळेच काही सद्हेतूनं आले असं नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात कॉलेजानं तीस तासांहून जास्त चालणारे किती प्रमाणपत्र अभ्यासक्रम घेतले हा रकाना असतो, आणि रकाना भरण्याची ताकद आपल्याकडे फार मोठी आहे. काही ठिकाणी तीस तास म्हणजे उद्घाटन, दोन व्याख्यानं आणि फोटो. पण जिथं मनापासून होतात तिथं त्यांचं एक मोल आहे : गाइडच्या मेहेरबानीवर अवलंबून असलेली जवळ बसून शिकायची विद्या ते वर्गात आणतात. प्रश्न छोटा कसा करायचा, शोधगंगेवर आधी कुणी काय केलंय ते कसं शोधायचं, प्रश्नावली दहा जणांवर आधी वापरून का पाहायची, एक्सेलमध्ये नोंदी कशा भरायच्या, दुसऱ्याचं वाक्य आपलं कधी होतं आणि कधी होत नाही.

यात विदर्भाचे म्हणून काही पेच आहेत, ते आयत्या पीपीटीत सापडत नाहीत. एक फाँटचा. मराठीतले जुने प्रबंध श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप झालेले. यंत्राला ती नुसती अक्षरांची खिचडी दिसते. त्यामुळं मराठीत शोध घेतला की हाती काही लागत नाही, आणि विद्यार्थी बिनधास्त लिहितो, ‘या विषयावर पूर्वी संशोधन झालेले नाही.’ चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ते दिसत नाही, हे काहींना फार लवकर कळतं.

दुसरा पेच बोलीचा. प्रश्नावली छापतात प्रमाण मराठीत, विचारतात वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत, उत्तर येतं गोंडीत किंवा माडियात, आणि प्रबंधात ते पुन्हा प्रमाण मराठीत ‘उत्तरदात्याच्या मते’ म्हणून उतरतं. या तीन उड्यांत काय सांडलं याची नोंद ठेवायला शिकवणं हे माझ्या मते या अभ्यासक्रमांचं सर्वांत मोठं काम आहे, टक्केवारी काढण्यापेक्षाही. म्हाइंभटांच्या परंपरेनं वासना जपल्या. आपण निदान मूळ शब्द तरी परिशिष्टात ठेवावा.

तिसरा पेच परवानगीचा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे २००९ साली देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांतलं एक. तिथं त्याच्या कितीतरी आधीपासून अभ्यासगट बसत आलेत. गावकरी कायदा वाचतात, जंगल मोजतात, बाहेरच्याला उलट प्रश्न विचारतात. अशा गावात संमतीपत्रावर अंगठा घेऊन भागत नाही. ग्रामसभेत उभं राहून हा अभ्यास कशासाठी ते सांगावं लागतं. वर्गात तोंड न उघडणाऱ्या विद्यार्थ्याची खरी तोंडी परीक्षा तिथं होते.

उरला प्रश्न वेळापत्रकाचा. चौथ्या सत्राचं क्षेत्रकार्य नेमकं मार्च-एप्रिलमध्ये येतं. मोहफुलं पडायचे ते दिवस. पहाटे अंधारातच माणसं टोपल्या घेऊन रानात गेलेली असतात, आणि मोह सरतो न सरतो तोच तेंदूपत्ता लागतो. दहाच्या एसटीनं उतरलेल्या विद्यार्थ्याला गावात भेटतात ती लहान पोरं आणि म्हातारी माणसं. त्याच्या प्रकल्पात मग निष्कर्ष येतो, ‘गावात वृद्धांचे प्रमाण लक्षणीय आहे.’