भाड्याच्या बंगल्यात सॉना की स्टीम, आणि खर्च भरून निघतो का?

लोणावळा, पाचगणी, महाबळेश्वरच्या बंगल्यांच्या जाहिरातीत ‘सॉना’ लिहिलेलं असतं आणि फोटोत दिसते ती टाइल लावलेली, काचेच्या दाराची वाफेची खोली. ठेकेदार जे बसवून देईल त्याला सॉना म्हणायची पद्धतच पडली आहे. पण पैसे घालणाऱ्याला फरक नीट कळायला हवा, कारण दोन्हींचं बांधकाम उलट, बिघाड वेगळे आणि पाहुण्याची अपेक्षाही वेगळी.

सॉना कोरडा असतो. लाकडी खोली, दगड भरलेला हीटर, ७० ते ९० अंश सेल्सिअस हवा आणि आर्द्रता जेमतेम १० ते २० टक्के. तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं की वाफेची एक लाट येते आणि थोड्या वेळात हवा परत कोरडी होते. स्टीममध्ये, म्हणजे वाफेच्या खोलीत, तापमान ४५ अंशांच्या आसपास, पण आर्द्रता १०० टक्के. घाम सुकतच नाही, म्हणून तेवढी उष्णताही अंगाला पुरते. थोडक्यात, सॉनाला उष्णता अडवायची असते आणि हवा खेळती ठेवायची असते. स्टीमला हवा कोंडून पाणी अडवायचं असतं. एकाची खोली दुसऱ्याला चालत नाही. लाकडी केबिनला स्टीम जनरेटर जोडला की लाकूड बुरशीने काळं पडतं. टाइलच्या बाथरूममध्ये सॉनाचा हीटर लावला की भिंतीच उष्णता पितात आणि खोली हव्या त्या तापमानाला पोचत नाही.

बाजारात ‘इन्फ्रारेड सॉना’ नावाची तिसरी वस्तूही मिळते. दीड-दोन किलोवॉटची, १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारी केबिन. हवा ४५ ते ६० अंश, दगड नाहीत, पाणी टाकता येत नाही. स्वस्त आणि बसवायला सोपी आहे, पण जर्मनीत किंवा फिनलंडमध्ये राहून आलेला पाहुणा तिला सॉना मानणार नाही.

आता सॉनाची खोली. चार माणसांना ६ फूट × ५ फूट, उंची ७ फूट पुरते. हे झाले साधारण ६ घनमीटर आणि घनमीटरला एक किलोवॉट या हिशेबाने ६ किलोवॉटचा हीटर. उष्णतारोधक थर नसलेली काच, वीट किंवा टाइल जेवढे चौरस मीटर, त्याच्या १.२ पट घनमीटर या आकड्यात मिळवायचे. पूर्ण काचेचं दार साधारण १.१ चौरस मीटर भरतं, म्हणजे हिशेब ७.३ घनमीटरवर जातो, ६ चा हीटर अपुरा पडतो आणि ८ चा घ्यावा लागतो. फोटोसाठी काचेची अख्खी भिंत लावण्याची हौस इथेच महाग पडते.

भिंतीत रॉकवूल (दगडी तंतूंचा उष्णतारोधक थर), त्यावर आतल्या बाजूने ॲल्युमिनियम फॉइल, सांधे फॉइल टेपने बंद, मग पट्ट्या मारून लाकूड. थर्मोकोल अजिबात नको. या तापमानाला तो मऊ पडतो. प्लायवूड नको, व्हार्निश नको, राळ सुटणारा पाइन नको. हेमलॉक, स्प्रूस किंवा ॲस्पेन चालतं. वरचा बाक छतापासून साडेतीन ते चार फूट खाली. दार बाहेर उघडणारं, कडी-कुलूप नसलेलं, नुसतं चुंबकावर टेकणारं. ताजी हवा हीटरजवळून आत आणि समोरच्या बाजूने, बाकाखालून बाहेर.

विजेचा प्रश्न आधी सोडवा. ६ किलोवॉट सिंगल फेजवर सुमारे २६ अँपिअर ओढतो, थ्री फेजवर प्रत्येक फेजला ९ च्या आत. बंगल्यात आधीच तीन एसी आणि दोन गिझर असतील, तर बिलावरचा मंजूर भार पाहून तो वाढवून घ्या. वायर, एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळू लागली की पडणारा, शॉकपासून वाचवणारा स्विच) फक्त हीटरसाठी वेगळे. केबिनच्या आत साधी पीव्हीसी वायर नको, तिचं इन्सुलेशन ७० अंशांसाठी असतं; उष्णता सोसणारी सिलिकॉन वायर घ्यावी. वीज गेली की सॉना बंद, इन्व्हर्टरवर तो चालत नाही.

घाटमाथ्यावर सॉनाची सर्वात मोठी तक्रार येते ती पावसाळ्यात. हीटर तीन-चार आठवडे बंद राहिला की कॉइलच्या आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतला ओलावा शोषते. पाहुणे येतात, स्विच टाकला की आरसीसीबी पडतो. मग कोणीतरी आरसीसीबीच काढून टाकतो, आणि ते जिवावर बेतणारं आहे. कॉइल बहुधा खराब झालेली नसते. वायरमनकडून ती तपासून आणि सुकवून घ्यायची असते. ही वेळ येऊच नये म्हणून केअरटेकरने जून ते सप्टेंबर दर आठवड्याला अर्धा तास हीटर चालवावा. दगड ठासून भरू नयेत, कारण हवा फिरली नाही की कॉइल जास्त तापून वाकते. वर्षातून एकदा सगळे काढून फुटलेले बदलावेत.

स्टीमचा शत्रू म्हणजे पाणी. ६ किलोवॉटचा जनरेटर तासाला जास्तीत जास्त ८ लिटरच्या आसपास पाण्याची वाफ करतो. बोअरच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असतील तर तासाला ४ ग्रॅम क्षार टाकीतच उरतात आणि शंभर तासांत ४०० ग्रॅम. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर इथे फार लवकर जमतो. म्हणून सॉफ्टनर हवा आणि प्रत्येक वापरानंतर टाकी आपोआप रिकामी करणारा व्हॉल्व्हही. सॉफ्टनर कडकपणा घालवतो, विरघळलेले क्षार कमी करत नाही; त्यामुळे हा व्हॉल्व्ह टाळता येत नाही. वॉटरप्रूफिंग भिंतींना आणि छतालाही लागतं. छताला उतार नसेल तर गार थेंब टपटप डोक्यावर पडतात. हे सगळं तयार बाथरूममध्ये नंतर घुसवायचं म्हणजे टाइल फोडणं आलंच. बाथरूम नव्याने बांधायचीच असेल, तरच स्टीमचा विचार करावा.

पैशांचा हिशेब नमुन्यादाखल मांडू. तुमचे आकडे तुम्ही घाला. सॉनाला सगळं धरून ४ लाख लागले आणि ते पाच वर्षांत वसूल करायचे, तर वर्षाला ८० हजार. दगड, कॉइल, बाकाच्या पट्ट्या यांना २० हजार धरले की झाले १ लाख. वीज त्यामानाने किरकोळ आहे: तापायला पाऊण तास आणि वापराचा एक तास मिळून ८ युनिट, १५ रुपये दराने १२० रुपये.

हे १ लाख कुठून येणार? शनिवार-रविवार तसेही भरतात. अशा ९० रात्रींवर वसुली टाकली तर विजेसकट रात्रीमागे सव्वाबाराशे रुपये जास्त मागावे लागतील, आणि पाहुणा ते सॉनापेक्षा स्विमिंग पूल, हिरवळ आणि जेवणासाठी आनंदाने देतो. आडवारी रात्रीचे १० हजार मिळत असतील आणि साफसफाई, वीज, कमिशन जाऊन साडेसात हजार उरत असतील, तर वर्षाला १४ जादा रात्री लागतील. सॉना नसता तर आल्याच नसत्या अशा १४ रात्री. आसपासचे तेवढ्याच खोल्यांचे, सॉना असलेले आणि नसलेले बंगले निवडा आणि दोन महिने त्यांची मंगळवार-बुधवारची बुकिंग पाहा. फरक दिसत नसेल तर पैसे घालू नका.

फिनलंडचे दाखले देणाऱ्या विक्रेत्याकडे दुर्लक्ष करा. ५५ लाख लोकसंख्येच्या त्या देशात ३० लाखांहून जास्त सॉना आहेत. सॉना नसलेली सुट्टीची केबिन तिथे अपुरी वाटते. आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत किंवा लोणावळ्याच्या पावसात भिजून आलेल्या मंडळींना त्याची खरी मजा येते. अलिबाग किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर दमट उकाड्यात तो कपाट होऊन बसतो. तिथे तेच पैसे स्विमिंग पुलावरच्या सावलीत घाला.

केअरटेकर मुक्कामी नसेल तर सॉना नकोच. हीटरवर वाळत घातलेला टॉवेल हे आगीचं नेहमीचं कारण असतं. तापण्याचा वेळ सोडून वापराचा टायमर ६० मिनिटांचा ठेवा, फोनवरून चालू करण्याची सोय घेऊ नका. दारू प्यायलेल्याला आत सोडायचं नाही, हे बुकिंगच्या वेळीच सांगा. रात्री अकराला ते सांगणं केअरटेकरला जड जातं. जाहिरातीत प्रकार, कमाल तापमान, एका वेळी किती जण आणि कोणत्या वेळेत, हे स्पष्ट लिहा. स्टीम असेल तर स्टीमच लिहा.