गाठीतली फट: आत शिरायची वाट की बाहेर पडायची?

बडोद्यात दांडिया बाजाराच्या मराठी घरांत कर्करोगाचं निदान कळलं की गाठ केवढी आहे हे नंतर विचारतात. आधी विचारतात, "पसरलाय का?" औषध वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं, म्हणजे नॅनोकणांचं संशोधन मात्र बराच काळ मूळ गाठीभोवतीच फिरत राहिलं.

पसरणारा कर्करोग मानवेल त्याच अवयवात रुजतो, हा 'बी आणि माती'चा विचार 1889 चा. कर्करोगावरच्या नॅनो औषधांना मोठा आधार मिळाला तो 1986 साली जपानमध्ये मांडलेल्या कल्पनेचा. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने वाढतात, त्यांच्या अस्तरात फटी राहतात. मोठे रेणू त्यांतून झिरपतात आणि लसिकेचा (पेशींभोवती साचणाऱ्या द्रवाचा) निचरा नीट नसल्याने तिथेच साचतात. 1995 मध्ये मेदाच्या सूक्ष्म पिशवीत भरलेल्या डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. हृदयाला होणारा अपाय त्यामुळे कमी झाला, ही मोठीच कमाई. 2012 मध्ये तिकडे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा भारतात बनलेलं औषध मागवावं लागलं.

घोळ आहे तो 'गळकी रक्तवाहिनी' या शब्दाचा. पाठ्यपुस्तकांतून तो वरदानासारखा शिकवला गेला. 2016 मध्ये दहा वर्षांचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण 0.7 टक्के निघालं. 2020 मध्ये उंदरांच्या गाठींत दिसलं की फटी विरळच आहेत. गाठीत पोचणाऱ्या कणांपैकी 97 टक्क्यांपर्यंत कण अस्तराच्या पेशी स्वतः आत ओढून घेतात. त्याच्या आदल्याच वर्षी सिंगापूरच्या अभ्यासाने जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली होती. टायटॅनियम डायऑक्साइड, सिलिका आणि सोन्याचे नॅनोकण अस्तराच्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल करतात. स्तनाचा कर्करोग असलेल्या उंदरांत त्या वाटेने कर्कपेशी रक्तात शिरल्या आणि दुसऱ्या अवयवांत उतरल्याही. हे कण म्हणजे मेदाच्या पिशव्यांचं औषध नव्हे, तरी फटीतून औषध आत जातं तर रोग बाहेर का येणार नाही, हा प्रश्न कितीतरी आधी विचारायला हवा होता.

फटीवर अजिबात विसंबून नसलेली वाट 2014 मध्येच उंदरांवर तपासली गेली होती. मेदाच्या पिशवीवर दोन प्रथिनं बसवायची: एक तिला रक्तातल्या पांढऱ्या पेशीला चिकटवतं, दुसरं कर्कपेशीला मरणाचा संदेश देतं. पांढरी पेशी रक्तात फिरता फिरता भटक्या कर्कपेशीवर आदळते आणि कर्कपेशी कुठे रुजण्याआधीच मरते.