मिक्सो की आरएचडी? सशांच्या दोन जीवघेण्या व्हायरसमध्ये नेमका फरक काय

ससे पाळणाऱ्यांच्या गप्पांत "सशांचा तो व्हायरस" असा विषय हमखास निघतो, आणि समोरचा मिक्सोमॅटोसिसबद्दल बोलतोय की आरएचडीबद्दल हे बऱ्याचदा त्याचं त्यालाच माहीत नसतं. घोळ होणारच म्हणा, दोन्ही आजार व्हायरसचे, दोन्ही जीवघेणे, दोन्हीवर थेट औषध असं नाहीच आणि काही देशांत तर दोन्हीची लस एकाच इंजेक्शनात मिळते. पण घरात शिरायच्या दोघांच्या वाटा वेगळ्या आणि मारायची तऱ्हाही वेगळी, त्यामुळे एकासाठी केलेला बंदोबस्त दुसऱ्याला अडवेलच असं नाही. मला विचाराल तर दोघांत आरएचडी जास्त डेंजर, कारण मिक्सो निदान दिसतो तरी.

आधी मिक्सोच घेऊ. हा पॉक्स जातीचा व्हायरस, म्हणजे देवीच्या व्हायरसच्या खानदानातला. सुरुवात बहुतेक वेळा डोळ्यांपासून होते, पापण्या लालसर होऊन फुगतात, पाणी येतं, मग ते घट्ट पिवळट होतं आणि एक-दोन दिवसांत पापण्या इतक्या सुजतात की डोळा उघडतच नाही. मग कानांच्या बुडाशी, नाकाभोवती, ओठांवर, आणि शेपटीखाली गुदद्वार आणि जननेंद्रियाच्या जागी सूज येते. ही शेपटीखालची सूज लक्षात ठेवा, कारण नुसते डोळे वाहतात ते दातांच्या मुळांमुळे, धुळीमुळे किंवा बॅक्टेरियाच्या सर्दीनेही वाहतात, पण डोळे आणि शेपटीखालचा भाग दोन्ही एकदम सुजलेले दिसले तर मिक्सोचा संशय घ्यायचाच आणि त्याच दिवशी व्हेटकडे जायचं. वाईट एवढंच की ससा बिचारा बरेच दिवस खात राहतो, त्यामुळे "खातोय ना, मग बरा होईल" असं वाटत राहतं आणि दिवस जातात. लस न घेतलेल्या सशात हे प्रकरण साधारण आठवडा-दोन आठवडे चालतं आणि शेवटी बहुतेक ससे जातात, म्हणूनच हालत फारच वाईट असेल तर बरेच व्हेट त्याला इंजेक्शन देऊन शांतपणे कायमचं झोपवायचा सल्ला देतात. लस घेतलेल्याला झालाच तर सहसा अंगावर एखाद-दुसरी गाठ, खपली, आणि तो त्यातून उठतो.

आता आरएचडी, पूर्ण नाव रॅबिट हेमोरॅजिक डिसीज. हा कॅलिसिव्हायरस नावाच्या कुळातला व्हायरस, थेट लिव्हरवर बसतो. लिव्हरच्या पेशी भराभर मरतात, रक्त गोठायची सगळी यंत्रणा कोलमडते, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि दुसरीकडे आतल्या आत रक्तस्रावही सुरू होतो. जुन्या प्रकारात (आरएचडीचे दोन प्रकार आहेत, ते पुढे येतील) लागण झाल्यावर १ ते ३ दिवसांत ताप चढतो आणि ताप चढल्यापासून १२ ते ३६ तासांत खेळ खलास. बाहेरून दिसतं काय तर बऱ्याचदा काहीच नाही. रात्री नीट खाल्लेलं असतं, लेंड्याही व्यवस्थित असतात, आणि सकाळी ससा पिंजऱ्यात आडवा, मान मागे ताणलेली, कधी नाकाशी थोडं फेसाळ रक्त. आणि ते रक्तही दर वेळी नसतं हं, "नाकातून रक्त नव्हतं म्हणजे आरएचडी नाही" असं छातीठोक सांगणारे बरेच भेटतात, त्यांचं ऐकू नका. काही ससे मरायच्या आधी काही तास सुस्त बसतात, खाणं सोडतात, आणि तेव्हा सगळ्यांना वाटतं की पोट बंद पडलंय, कारण सशात पोट बंद पडणं हा प्रकार खूपच कॉमन आहे.

मग अशा अचानक गेलेल्या सशाबद्दल लोक म्हणतात घाबरून गेला, हार्ट अटॅक आला, उष्णता बाधली. होतंही तसं कधीकधी, नाही असं नाही. पण तेच कारण धरून सशाला पुरून टाकलं आणि त्याच पिंजऱ्यात, त्याच भांड्यात दुसऱ्या सशाला खायला घातलं की चार दिवसांनी तोही जातो. म्हणून तरणाताठा ससा एकाएकी गेला तर पोस्टमॉर्टेम करा असं मी आग्रहाने सांगेन. लिव्हरच्या छोट्याशा तुकड्यावर पीसीआर टेस्ट करून छडा लागतो. तोपर्यंत मेलेल्या सशाला फ्रीझरमध्ये ठेवलं की व्हायरस मरेल असं मात्र समजू नका, तो थंडीने मरत नाही.

लागण कशी होते यातला फरक तर बघण्यासारखाच आहे. मिक्सो मुख्यतः डास आणि पिसवा पसरवतात, आजारी सशाला चावलेल्या किड्याच्या तोंडाला व्हायरस लागतो आणि तो पुढच्या सशाला टोचला जातो. जवळजवळ ठेवलेल्या सशांत थेट स्पर्शानेही जातो. म्हणजे जाळ्या लावणं, साचलेलं पाणी काढणं, पिसवांचं औषध देणं याचा मिक्सोमध्ये खरंच उपयोग होतो (कुत्र्याचं औषध सशाला लावू नका हां, फिप्रोनिल सशाला विषारी आहे). आरएचडीला किड्यांची गरज नाही. माश्या त्याला इकडून तिकडे नेतात हे खरं, पण तो बुटाच्या तळव्याला, कपड्याला, सुक्या गवताला, पिंजऱ्याच्या तारेला, कुत्र्या-मांजराच्या पायाला चिकटूनही येतो, आणि कापडावर वाळलेल्या अवस्थेत साध्या रूम टेंपरेचरला तीन महिन्यांच्या वर तग धरतो. त्यामुळे "आमचा ससा घराबाहेर पाऊलच टाकत नाही" हे वाक्य आरएचडीच्या बाबतीत फारसं कामाचं नाही, ससा नाही गेला तरी तुम्ही जाऊन येता ना.

हात सॅनिटायझरने पुसले की झालं असं वाटणाऱ्यांसाठी, या व्हायरसला बाहेरून चरबीचं आवरणच नसतं, आणि अल्कोहोलवाले सॅनिटायझर मुख्यतः त्या आवरणावरच घाव घालतात, त्यामुळे इथे त्यांचा भरवसा धरू नका. हात साबण-पाण्याने चोळून धुवा. पिंजरा, भांडी आधी घासून स्वच्छ करायची, मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी असं मिश्रण लावून निदान दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग धुवून पूर्ण सुकवायचं. घाणीवर थेट ब्लीच ओतून काही होत नाही. लाकडी वस्तू, चटया टाकून दिलेल्याच बऱ्या. आणि एकच चप्पल सशाच्या जागेसाठी वेगळी ठेवलीत तर निम्मं काम झालं.

आरएचडीमध्ये परत दोन प्रकार आहेत आणि इथेही गोंधळ असतो. पहिला १९८४ मध्ये चीनच्या जिआंग्सू प्रांतात, जर्मनीहून आणलेल्या अंगोरा सशांत सापडला. त्यात दोन महिन्यांच्या आतली पिल्लं सहसा वाचायची. दुसरा, आरएचडीव्ही-२ म्हणजेच आरएचडी-२, २०१० मध्ये फ्रान्समध्ये दिसला, तो काही आठवड्यांच्या पिल्लांनाही मारतो, रानसशांच्या इतर जातींतही शिरतो, आणि पहिल्या प्रकाराच्या लसीला पुरता दाद देत नाही. २०२० पासून अमेरिकेच्या नैऋत्य भागात रानातले ससे यानेच पटापट मेले. मिक्सो त्या मानाने जुना, १८९६ मध्ये उरुग्वेत लॅबमधल्या सशांत पहिल्यांदा दिसला. गंमत म्हणजे दोघांनाही माणसाने मुद्दाम वापरलंय. ऑस्ट्रेलियाने १९५० मध्ये मिक्सो रानसशांवर सोडला, १९५२ मध्ये फ्रान्समध्ये आर्मां-दलील नावाच्या डॉक्टरने आपल्या इस्टेटीवरचे ससे आटोक्यात आणायला सोडला आणि तो थेट युरोपभर पसरला, आणि आरएचडीची ऑस्ट्रेलियातल्या वॉर्डांग बेटावर ट्रायल चालू असताना तो १९९५ मध्ये तिथून निसटला. पाळीव सशांना याची किंमत अजून मोजावी लागतेय.

लसीबद्दल मात्र नीट विचारून घ्या. "व्हायरसची लस दिलीय" एवढ्यावर थांबू नका, कार्डावर मिक्सो, आरएचडी-१ आणि आरएचडी-२ तिन्ही लिहिलंय का ते बघा. जुनी जोडलस आरएचडी-२ धरत नव्हती, नोबिव्हॅक मिक्सो-आरएचडी प्लस तिन्ही धरते आणि पाचव्या आठवड्यापासून देता येते, नंतर दरवर्षी एक. एक बारकावा, ही लस मिक्सोच्याच सौम्य केलेल्या व्हायरसमध्ये आरएचडीचा अंश बसवून केलेली आहे, आणि मिक्सो ओळखणारं शरीर तो व्हायरस आधीच मारू शकतं, त्यामुळे ज्या सशाला आधी नुसती मिक्सोची लस दिलीय किंवा मिक्सो होऊन गेलाय त्याच्यात आरएचडीचं संरक्षण कमी पडू शकतं, हे व्हेटला आधीच सांगायचं. आणि लस टोचली म्हणजे त्याच दिवशी कवच मिळालं असं नसतं, साधारण तीन आठवडे जातात. सगळीकडे सगळं मिळतही नाही, ऑस्ट्रेलियात मिक्सोच्या लसीला परवानगी नाही, अमेरिकेत आरएचडी-२ ची आहे पण मिक्सोची नाही. माणसाला, कुत्र्याला, मांजराला यातला एकही होत नाही, तेव्हा घरातल्या लहान मुलांची काळजी नको, फक्त त्यांच्या बुटांकडे लक्ष असू द्या.

आरएचडीतून एखादा ससा वाचलाच तर त्याला लगेच दुसऱ्यांत मिसळू नका, तो बरा दिसत असला तरी महिना-दीड महिना व्हायरस बाहेर टाकत राहू शकतो. आणि ससा गेल्यावर घर सुनं वाटतं, लोक आठवड्यात नवीन पिल्लू आणतात, हे कृपा करून टाळा. आधी साफसफाई, मग काही महिने जागा रिकामी, आणि नवीन ससा आणायचाच तर तो जिथे आहे तिथेच त्याला लस द्या, तीन आठवडे होऊ द्या आणि मगच घरी आणा.