पार्श्वभूमी : हळदीचे पेटंट रद्द झाले, पण हळदीचे गुण सिद्ध झाले का?

हळदीच्या दुधाच्या पाकिटापासून करक्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाच्या, गोळ्यांपर्यंत एक दावा फिरत असतो : हळदीचे औषधी गुण अमेरिकेनेही मान्य केले. त्याचे मूळ १९९०च्या दशकातल्या पेटंटच्या भांडणात आहे, आणि तिथे असे काही ठरलेच नव्हते.

जुन्या ग्रंथांतले दाखले सगळ्यांना पाठ आहेत. करक्युमिन हा घटक १८१५ मध्ये वेगळा काढला गेला, त्याची रचना १९१० मध्ये उलगडली. तो काही जिवाणूंची वाढ रोखतो, हे प्रयोगशाळेतले निरीक्षण १९४९चे.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले आणि ‘आपली हळद चोरली’ अशी हाकाटी झाली. पेटंट हळदीवर नव्हतेच. हळदीची पूड पोटात देऊन किंवा वरून लावून जखम भरून आणायची, या पद्धतीवर होते. त्यावरचे दोन्ही संशोधक भारतीय वंशाचे होते, हे मात्र हाकाटीत कुणी फारसे सांगत नाही.

दिल्लीच्या सरकारी संशोधन परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटची फेरतपासणी मागितली. परिषदेचे तेव्हाचे प्रमुख मराठी, त्यामुळे इकडे या लढ्याचे कौतुक अंमळ जास्तच. अडचण कायद्याची होती. परदेशात एखादी गोष्ट सर्रास वापरात आहे, एवढे ती नवी नाही हे ठरवायला अमेरिकी कायद्याला तेव्हा पुरत नसे. ती छापलेली दाखवावी लागे. बोट कापले की आजी हळद दाबते, याला तिथे पुरावा म्हणून किंमत शून्य. म्हणून ३२ संदर्भ जमवले गेले : संस्कृत, उर्दू, हिंदी, काही शंभर वर्षांहून जुने, शिवाय एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३चा लेख. पूड वेगळी आणि लेप वेगळा, दोन्ही अंगात सारखे मुरत नाहीत, असा बचाव समोरून झाला. परीक्षकाने तो मानला नाही आणि १९९७ मध्ये पेटंटमधले सगळे दावे फेटाळले.

निकाल इतकाच : ही माहिती नवी नाही. ती खरी आहे का, हे परीक्षकाला कुणी विचारलेच नव्हते. परदेशातल्या वापराबद्दलची ती अट अमेरिकेने पुढे, २०१३ पासून, काढून टाकली. माझ्या लेखी या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट हीच, पण तिची बातमी फारशी झाली नाही.

औषधाची बाजू पुढच्या काळात गुंतत गेली. १९९८च्या बंगळुरूच्या अभ्यासात २ ग्रॅम करक्युमिनसोबत मिरीतले २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर करक्युमिन अंगात मुरण्याचे प्रमाण २००० टक्क्यांनी वाढले. आकडा भलताच गाजला. पिपरीनशिवाय रक्तात करक्युमिन जेमतेम सापडत होते, हे मागे राहिले. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्राच्या एका आढाव्याने १२०हून अधिक मानवी चाचण्यांकडे बोट दाखवून म्हटले, की एकाही काटेकोर चाचणीत ठोस यश नाही. शिवाय करक्युमिन स्वतः चमकते आणि प्रकाश मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीलाच चकवते.

तरी २०२०च्या साथीत सरकारी सल्ला आलाच : १५० मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद. पुडीत करक्युमिन साधारण तीन टक्के, म्हणजे त्या पेल्यात फार तर ४०-५० मिलिग्रॅम. गोळ्यांत ते शेकडो मिलिग्रॅम असते. इटलीत २०१९ मध्ये यकृतदाहाचे जे रुग्ण आढळले, ते अशा गोळ्या घेणारे होते, हळदीची भाजी खाणारे नव्हेत.