वाडी

वाडी : मूळ गावठाणापासून तुटक वसलेली, पण महसुली दप्तरात त्याच गावात मोडणारी लहान वस्ती. कोकणात वाडी किंवा कोंड, पालघर-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात पाडा, बंजारा समाजात तांडा, सह्याद्रीच्या माथ्यावर धनगरवाडा, तर देशावर वस्ती किंवा मळा अशी तिची नावे आहेत.

हा शब्द संस्कृत ‘वाट’ (कुंपणाने वेढलेली जागा), ‘वाटिका’ यांवरून आला, हे सामान्यतः मान्य आहे. मतभेद आहे तो ‘वाट’च्या मुळाविषयी. ‘वट’ (वड) या शब्दाशी तो जोडण्यापेक्षा ‘वृ’ (वेढणे) या धातूकडे नेणे अर्थाला अधिक जुळते. मराठीतील ‘वाट’ (रस्ता) मात्र याहून निराळा असून तो ‘वर्त्मन्’, प्राकृत ‘वट्ट’ या मार्गाने आला आहे. दोन स्वरांमधील एकेरी ‘ट’चा प्राकृतात ‘ड’ होतो (घोटक–घोडा, वाटिका–वाडी, पाटक–पाडा). ‘ट्ट’ हे जोडाक्षर मराठीत एकेरी होऊन मागचा स्वर दीर्घ होतो (वट्ट–वाट). त्यामुळे वाडी आणि वाट यांना एकाच मुळाचे मानता येत नाही.

‘वाटक’, ‘पाटक’ अशा शेवटाची ग्रामनामे प्राचीन ताम्रपटांत आढळतात. मात्र ती स्वतंत्र गावे होती की उपवस्त्या, हे केवळ नावावरून ठरत नाही. देशावर गावकुसाबाहेर शेतात राहण्याची चाल १८१८ नंतर इंग्रजी अमलातील स्थैर्यात पडली, असे एक मत आहे. तथापि मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘मौजे’ (मूळ गाव) या शब्दासोबत ‘मजरे’ (मूळ गावावर अवलंबून असलेली वस्ती, अरबी मूळ अर्थ पेरलेली जमीन) हा शब्द येतो. तेव्हा ही चाल त्याआधीचीच असावी. कोल्हापूर जिल्ह्यातील मजरे कार्वे या नावात तो आजही टिकून आहे.

इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास सुरू झालेल्या जमीन मोजणीपासून गावाची शीव नकाशावर पक्की होत गेली. जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांतही महसुली गाव हाच ग्रामीण घटक असतो. परिणामी गावाची लोकसंख्या छापली जाते, वाडीची त्यात विरून जाते. समजा, १,४०० वस्तीच्या गावाला सहा वाड्या आहेत आणि डांबरी रस्ता गावठाणापर्यंत आहे. नोंदीत सारे गाव रस्त्याने जोडलेले दिसते. उलट महसुली गाव आहे पण माणूस नाही, असेही असते. अशा गावाला दप्तरात ‘बेचिराख’, म्हणजे दिवा न लागणारे, म्हणतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सुमारे ४३,७०० गावांपैकी वस्ती असलेली सुमारे ४१,००० होती.

या दृष्टीने २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने केलेला बदल महत्त्वाचा आहे. तिने महसुली गावाऐवजी वस्ती हा घटक धरला. २००१ च्या जनगणनेनुसार सपाटीवर ५००, तर डोंगराळ, वाळवंटी व आदिवासी भागांत २५० लोकसंख्येची अट होती. सपाटीवर ५०० मीटर आणि डोंगरात दीड किलोमीटर वाटेच्या अंतरातील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येत असे. सह्याद्रीत हे अंतर पुष्कळदा ओढ्याने किंवा दरीने तुटलेले असते, आणि तेथे अट पुरी न होणाऱ्या वाड्याच खरोखर अडचणीत राहतात. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्याला २०११ च्या जनगणनेचा आधार आहे.

गाव नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने व पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात. पुष्कळ वाड्यांना ही एकेरी रेषाच आहे. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी सुरू झालेली एसटी गावोगाव पोचली, मुक्कामी गाडीही आली. वाडीची माणसे मात्र फाट्यापर्यंत चालतच येतात. तेथून पश्चिम महाराष्ट्रात वडाप (प्रवासी भरून नेणारी खासगी जीप) मिळते. पावसाळ्यात ओढ्यावरचा साकव (लहान पूल) वाहून गेला की आजारी माणसाला झोळीत किंवा डोलीत घालून खांद्यावरून फाट्याशी आणावे लागते.